हमीभाव खरेदी केंद्र: भावाला पाच तारे, बाकीचं वाचा

पाचपैकी अडीच. भावाला पाच, वागणुकीला तीन, वेळेला एक आणि पैसे हातात पडण्याला एक. सरासरी काढून बघा, जुळते. घरातली हिशेबाची वही मीच लिहिते.

मिक्सरपासून मिसळीपर्यंत सगळ्याचं परीक्षण लोक लिहितात. पण ज्या दुकानात आमच्यासारख्यांच्या वर्षभराच्या कमाईचा सौदा होतो, त्याच्याबद्दल कुणी धड लिहीत नाही. एक तर शिव्या असतात, नाहीतर सरकारी जाहिरात. म्हणून हे. केंद्राचं नाव देत नाही. पुढच्या हंगामात माल तपासणाऱ्या त्याच ग्रेडरपुढे माझा नमुना जाणार आहे, तेवढं व्यवहारज्ञान मला आहे.

आम्ही लातूर जिल्ह्यातले. साडेपाच एकर रान, सातबारा सासूबाईंच्या नावावर. पाच एकर सोयाबीन, उरलेल्या तुकड्यात तूर. हे एस.टी.त कंडक्टर. ही नोकरीची गोष्ट मुद्दाम सांगतेय, पुढे तिचा संबंध येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सेवा काय आहे ते. केंद्र सरकार कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून दरवर्षी पिकांचे किमान आधारभूत भाव जाहीर करतं. सोयाबीनचा २०२३-२४ ला ४६०० होता, २०२४-२५ ला ४८९२, आणि २०२५-२६ ला ५३२८ रुपये क्विंटल. बाजार याच्या खाली गेला की नाफेडसारख्या संस्था खरेदीत उतरतात. नाफेड स्वतः तुमच्या गावात येत नाही. मधे मार्कफेडसारख्या राज्याच्या संस्था, आणि त्यांच्याखाली तालुक्याचा खरेदी-विक्री संघ किंवा एखादी शेतकरी उत्पादक कंपनी. म्हणजे काट्यावर बसलेला माणूस सरकारी नोकर नसतो, कमिशनवर काम करणारा असतो. त्यानं घेतलेला माल पुढे गोदामात नापास झाला तर ट्रक परत त्याच्याच दारात येतो. हे कळलं की त्याच्या किरकिरीचा राग निम्म्यावर येतो. निम्मा राहतोच.

नोंदणीला मी फार नावं ठेवणार नाही. सातबारा, त्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद, आधार, बँकेचं पासबुक. २०२४ ला ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोंदणी घेत होते. ई-पीक पाहणी आपली आपणच मोबाईलवर करायची, शेतात उभं राहून फोटो काढून. ती राहिली असेल तर केंद्रावर हुज्जत घालून काही उपयोग नाही, सरळ तलाठ्याकडे जा. आमची अडचण वेगळीच होती. सासूबाईंच्या आधारला जोडलेला नंबर माझ्या धाकट्या नणंदेकडे, ती पुण्यात, आणि ओटीपी आला तेव्हा ती बाईसाहेब मीटिंगमध्ये. मागच्या रांगेतले लोक घसे खाकरायला लागले. खिडकीतला पोरगा मात्र शांत होता. "ताई, तुम्ही बाजूला थांबा, नंबर आला की सांगा, परत लाइनीत लागू नका," म्हणाला. वागणुकीचे तीन तारे त्याचे आहेत. एक मी कापला, कारण आतून एकानं विचारलं, "घरी गडी माणूस नाही का कुणी?" आणि एक का कापला ते काट्यापाशी पोचल्यावर सांगते.

नोंदणी झाली की एसएमएसची वाट बघायची. खरेदी १५ ऑक्टोबरला सुरू झाली असं पेपरात वाचलं. आमचा मेसेज मात्र दिवाळी होऊन, विधानसभेचं मतदान होऊन गेलं तरी नाही. प्रचारसभांत सोयाबीनला कुणी सहा हजार देत होतं, कुणी सात हजार. आमच्या गावात व्यापारी चार हजाराच्या आसपास घोटाळत होता.

आता मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा. या सगळ्या सेवेची मेख इथेच आहे.

हमीभाव हा एफएक्यू मालाला असतो, म्हणजे ठरलेल्या प्रतीच्या. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. काडी-कचरा-माती २ टक्क्यांच्या आत. डागी, फुटका, बारीक दाणा यांच्याही मर्यादा आहेत, पण भांडण होतं ते ओलाव्यावर. आता आमच्याकडे सोयाबीन निघतं कधी? सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर. परतीचा पाऊस असतोच. मळणीयंत्रातून थेट पोत्यात भरलेला माल १५-१६ दाखवतो, पाऊस लागला असेल तर त्याच्याही वर. १२ वर आणायचा तर ताडपत्रीवर पसरा, दिवसातून चारदा पायानं ओढा, संध्याकाळी गोळा करा, दव पडायच्या आत झाका. ऊन असेल तर. आणि पसरायला जागा असेल तर. गावात येणाऱ्या डांबरी रस्त्याची अर्धी बाजू ऑक्टोबरात सोयाबीनची असते, ती हौस म्हणून नाही.

केंद्रानं ही अट २०२४ च्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. कधी? १५ नोव्हेंबरला. लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला. ज्याला दिवाळीला पैसे लागणार होते त्याचं सोयाबीन तोवर व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेलं होतं. माझ्या जाऊबाईंचं गेलं. त्यांचं रान आमच्याएवढंच, पण घरात पगार नाही. खताच्या दुकानदाराची उधारी, मुलीची कॉलेजची फी, आणि मळणीवाला तर यंत्र बंद केल्याबरोबर पैसे मागतो. त्यांनी दारात आलेल्या टेम्पोत सगळं घातलं, ४१०० नं. आमचं राहिलं, कारण ह्यांचा पगार सात तारखेला येतो. दोघींची जमीन शेजारी, बियाणं एका दुकानातलं, पेरणी एका ट्रॅक्टरनं. हमीभाव तिला मिळाला नाही नि मला मिळाला, त्यात शेतीचा काहीएक संबंध नाही.

आमचा मेसेज आला तेव्हा थंडी पडली होती. भाड्यानं टेम्पो केला, वीस क्विंटल भरलं. उरलेलं हेक्टरी मर्यादेत बसत नव्हतं. जिल्ह्याची सरासरी उत्पादकता धरून ही मर्यादा ठरते, म्हणजे ज्याचं पीक सरासरीपेक्षा चांगलं आलं त्याचा वरचा माल बाजारातच जाणार. मेहनतीचं बक्षीस म्हणा.

केंद्रावर पोचलात की आधी नमुना. ग्रेडर पोत्यात बोचरं खुपसतो, तीन-चार ठिकाणचा मूठभर दाणा घेतो, चाळणीवर टाकून हलवतो. खाली पडलेली माती नखानं बाजूला सारतो. वरचा दाणा तळहातावर घेऊन फुंकर मारतो, एखादा दातात धरून फोडतो. हे सगळं तो यंत्राच्या आधी करतो, आणि माझं मत विचाराल तर यंत्र काय सांगणार हे त्याला दातालाच कळलेलं असतं. मग मापानं यंत्रात दाणे भरायचे, झाकण फिरवायचं, आकडा यायची वाट बघायची. आमचा पहिला आकडा सकाळी १५ च्या वर, थोडासाच, पण वर. माझा चेहरा पडलेला बघून शेजारच्या ट्रॅक्टरवरचे एक आजोबा म्हणाले, "सकाळी कशाला नमुना देयलाव, उन्हं तापू द्या की. पोत्यांची तोंडं उघडा नि गप बसा." तोंडं उघडली. वरच्या थरातला माल ताडपत्रीवर पसरला. दुपारी तोच माल, तेच यंत्र, १४.६. पास.

यात ग्रेडरला काही लबाडी करायची गरज नसते. सकाळचं दव, रात्रभर झाकलेली पोती, यंत्र किती दिवसांपूर्वी तपासून घेतलंय, या सगळ्यानं अर्धा-एक टक्का इकडेतिकडे होतो. पण त्या अर्ध्या टक्क्यावर टेम्पो परत न्यायचा की नाही हे ठरतं. माझी एकच मागणी आहे: नमुना पुन्हा तपासून मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, एवढी पाटी मोठ्या अक्षरात लावा. आजोबा दर वेळी शेजारी असतीलच असं नाही.

मग चाळणी. यंत्रावरची चाळणी बंद होती, हातचाळणीनं चाळायचं ठरलं. मजूर तुमचे. मग बारदाना. सरकारी शिक्क्याचं पोतं, पन्नास किलोचा कट्टा. २०२४ च्या डिसेंबरात बारदानाच संपला होता, राज्यात कितीतरी केंद्रांवर त्याच्यापायी खरेदी थांबली. माल पास, काटा रिकामा, हमाल बसून, आणि भरायला पोतं नाही. लाखो टन खरेदीचं उद्दिष्ट ठेवणाऱ्यांना पोती किती लागतील हा भागाकार आधी करता येत नाही, हे मला आजही पटत नाही. शाळेतल्या पोराला घातलं तरी येईल असं गणित आहे. आमच्याबरोबरचे कित्येक टेम्पो रात्री तिथेच मुक्कामी राहिले. टेम्पोवाला मुक्कामाचे वेगळे घेतो. बायकांनी मुक्कामी राहायचं तर कुठे, हा प्रश्न केंद्र चालवणाऱ्यांना कधी पडलेला नाही. संडास नव्हता. मी संध्याकाळच्या एस.टी.नं परत आले आणि हे ड्युटी बदलून तिकडे जाऊन बसले.

काट्यावरचा तारा कापल्याचं कारण आता. कट्टा पन्नास किलोचा. रिकाम्या पोत्याचं वजन वेगळं धरायचं, ते बरोबरच आहे. पण आमच्या केंद्रावर पोत्याचं धरून वर आणखी तीनशे ग्रॅम घेत होते. "पुढे वजनात घट येते," हे उत्तर. पुढे येणारी घट आधीच माझ्याकडून का, याला उत्तर नाही. चाळीस कट्ट्यांचे बारा किलो. मी बोलले. काट्यावरच्यानं चेअरमनकडे बोट दाखवलं, चेअरमन जेवायला गेले होते. मागच्या माणसानं "ताई, घ्या उरकून, आमचा दिवस जायलाय," म्हटलं, आणि त्याचंही खरं होतं.

पैसे. नियम असा की माल घेतल्यावर तीन दिवसांत थेट खात्यात. पण माल गोदामात पोचून त्याची गोदाम पावती निघाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. ट्रक नसेल तर माल केंद्रावरच. गोदाम भरलं असेल तर ट्रक गोदामाच्या दारात. या साखळीत तुमच्या हातात फक्त मोबाईल असतो. आम्हाला संक्रांत झाली तरी पैसे नव्हते. जमा झाले तेव्हा पूर्ण झाले, एक रुपया कमी नाही, मधे कुणाला काही द्यावं लागलं नाही. हे मात्र ठासून लिहिते, कारण हे सगळ्याच सरकारी कामांबद्दल लिहिता येत नाही.

तर हिशेब. वहीतूनच उतरवते. वीस क्विंटल गुणिले ४८९२, झाले ९७,८४०. व्यापारी दिवाळीआधी आहे त्या ओल्या मालाला ४१०० देत होता, वीसचे ८२,०००. वरवर फायदा १५,८४०. आता वजा करत चला. मळणीनंतर वाळवताना सत्तर किलो वजन उडालं, ते व्यापाऱ्यानं पाण्यासकट घेतलं असतं: २,८७०. टेम्पोचं भाडं आणि मुक्काम: २,८००. काट्यावरचे बारा किलो: ५९० धरा. चाळायला दोन बाया एक दिवस: ६००. घरी भरायची हमाली: ४००. एकूण ७,२६०. हातात वरचे राहिले ८,५८०. क्विंटलला ७९२ चा फरक कागदावर, ४२९ चा खिशात.

तरी ४२९ कमी नाहीत. मी पुन्हा जाईन. पण हाच हिशेब जाऊबाईंच्या जागी बसून करा. त्यांना दिवाळीला ८२,००० लागलेच असते. ते गावात महिना शेकडा तीननं उचलले असते, दोन महिन्यांचं व्याज ४,९२०. मग ८,५८० मधले खाली राहिले ३,६६०, आणि त्यासाठी वाळवणं, चाळणं, मुक्काम, आणि माल नापास होऊन परत यायची टांगती तलवार. त्यांनी टेम्पोत माल घातला त्याला अडाणीपणा म्हणणारे लोक मी व्याख्यानांत ऐकलेत. एकानंही व्याजाचा आकडा धरलेला नव्हता.

स्पर्धक दुकानांबद्दल थोडं, नाहीतर परीक्षण एकतर्फी होईल.

गावात येणारा व्यापारी: तीन तारे. दारात येतो, रोख देतो, निम्मे आधी मागितले तरी देतो. आजारपणात दिलेत, लग्नात दिलेत. पण भाव डोळ्यांनी ठरवतो. "हवा (म्हणजे ओलावा) लई हाय," म्हणून क्विंटलला शंभर उडवतो, कडता, म्हणजे वजनातली कपात, वेगळा, आणि त्याच्या काट्याबद्दल मी काही लिहीत नाही. लातूरच्या बाजारात नेलं तर भाव जरा बरा, लिलाव डोळ्यांसमोर, पण तिथेही वाहतूक आपली आणि जास्त आवक झाली की भाव दुपारपर्यंत टिकत नाही.

राज्य सरकारचं हेक्टरी अर्थसाहाय्य: सोयीला पाच, रकमेला दोन. २०२३ च्या खरिपात भाव पडले म्हणून कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी ५००० रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, आणि २० गुंठ्यांच्या आत असेल तर सरसकट १०००. संमतीपत्र भरून आधारची प्रत कृषी सहायकाकडे दिली, खात्यात पैसे आले. ना टेम्पो, ना ग्रेडर. जाऊबाईंनाही मिळाले, तेही माझ्याइतकेच. सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं ना-हरकत लागतं, आणि भावकीत तेवढ्यावरून बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत, पण त्याला योजना काय करणार. दोष दोन. पैसे आले २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे ज्या मालाचे होते तो विकून वर्ष होत आलेलं. आणि दोन हेक्टरचे दहा हजार म्हणजे हेक्टरी वीस क्विंटल धरले तर क्विंटलला २५० पडतात. पुढच्या वर्षी मिळेल का, हे पेरताना माहीत नसतं. मग ते भावाचं संरक्षण नाही, सणाची ओवाळणी आहे. घेतो आम्ही, नाही म्हणत नाही.

मध्य प्रदेशातला भावांतर: हे दुकान मी वापरलेलं नाही, म्हणून तारे देत नाही. तिकडे २०१७ च्या खरिपात आठ पिकांना हे सुरू केलं होतं. माल नेहमीसारखा मंडीत विकायचा, आणि हमीभाव व बाजारातला ठरवलेला सर्वसाधारण भाव यातला फरक सरकार खात्यात टाकणार. ऐकायला झकास. पण फरक सरकार देणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडले, अशी तक्रार तेव्हा तिकडे जोरात होती. शिवाय तुमचा माल त्या सर्वसाधारण भावापेक्षाही खाली गेला तर मधलं नुकसान तुमचंच. २०२५ ला त्यांनी सोयाबीनसाठी ते पुन्हा आणलं. आमच्याकडे आणलं तर मी दोन्ही हातांनी घेईन असं नाही म्हणणार, पण जाऊबाईंना ते केंद्रापेक्षा जवळचं पडेल. माल त्याच दिवशी विकला जातो, आणि मॉइश्चरचं भांडण व्यापाऱ्याशी राहतं, ज्याच्याशी ते घालायची सवय आहे.

एक गोष्ट या कुठल्याच दुकानाच्या पाटीवर नसते, पण भाव तिच्यावर हलतो: तेलाची आयात. २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. पेरणीच्या तोंडावर. आणि २०२१ च्या पावसाळ्यात काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, तेव्हा ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे सौदे बंद केले. भाव पडला की केंद्रावर नंबर लागायला दिवाळी उलटते. भाव चढला की बंदर उघडायला इतका वेळ लागत नाही.

आता २०२५-२६ च्या हंगामाबद्दल, कारण अडीचचे सव्वादोन करावेत की काय असं मनात आहे. भाव ५३२८, आधीपेक्षा ४३६ नं जास्त, त्याबद्दल तक्रार नाही. खरेदी नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाली. पण त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. उभ्या सोयाबीनमध्ये पाणी, शेंगांना कोंब. आमच्या खालच्या दोन एकरांतून आलेला दाणा काळपट, हातात घेतला की वास. तो नमुना चाळणीपर्यंतही गेला नाही. ग्रेडरनं बघूनच बाजूला ठेवला आणि खरं सांगायचं तर त्या दाण्याकडे बघून मीही वाद घातला नाही. वरच्या तीन एकरांचा पास झाला. म्हणजे ज्या वर्षी सगळ्यात जास्त आधार लागतो, त्या वर्षी मालच आधाराच्या प्रतीत बसत नाही. डागी मालासाठी कमी भावानं का होईना, एक वेगळा काटा लावता येणार नाही का? भाव कापा, पण दारातून परत पाठवू नका. ते दोन एकर शेवटी २९०० नं गेले.

यंदा आणखी एक नवीन: अंगठ्याचं यंत्र. सातबारा ज्याच्या नावावर त्यानं यायचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर व्यापाऱ्यांचा माल घुसणार नाही. कल्पनेला माझा पाठिंबा आहे. पण सासूबाईंनी साठ वर्षं खुरपं धरलंय, बोटावर रेघ उरलेली नाही. उजवा, डावा, ओल्या फडक्यानं पुसून, तेल लावून, सगळं झालं. शेवटी नोंदणीच्या खिडकीतला तो आधीचाच शांत पोरगा आला आणि त्यानं चेहरा दाखवून पडताळणी करून दिली. सासूबाईंना डोळे मिचकवायला सांगितले तर त्या ह्यांच्याकडे बघून लाजल्या. अख्खी लाइन हसली.

कुणी जावं: ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे, माल ठेवायला कोरडी खोली आहे, आणि ज्याचा दाणा स्वच्छ आहे. हे तिन्ही असेल तर डोळे झाकून जा, क्विंटलला चारशे-साडेचारशे खरेच सुटतात. यातलं एक नसेल तर आधी वहीत हिशेब मांडा, माझे आकडे वापरा, तुमचं व्याज घाला. यातलं काहीच नसेल तर निदान थोडा माल राखून ठेवता येतो का बघा. जाऊबाईंनी यंदा आठ कट्टे माझ्या खोलीत ठेवले आणि नोंदणी केली.

जाताना न्यायच्या वस्तू: स्वतःची ताडपत्री, हातचाळणी, सुई-सुतळी, पिण्याचं पाणी, आधार जोडलेला मोबाईल आणि त्याचा चार्जर. गावात कुणाकडे मॉइश्चर मीटर असेल तर निघायच्या आधी तीन पोत्यांतला नमुना बघून घ्या. नमुना सकाळी देऊ नका. काट्याची पावती हातात घेतल्याशिवाय टेम्पो हलवू देऊ नका, तिच्यावर कट्टे आणि वजन दोन्ही लिहिलेलं आहे का ते तिथेच वाचा, आणि पैसे येईपर्यंत तिचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा. आमची मूळ पावती पावसात नव्हे, धुण्यात गेली होती.